चोरपकड्याची ऐतिहासिक रहस्यकथा लिहिताय? या चुका टाळा

पहाटेचा भोंगा वाजतो, कामगारांचा लोंढा गिरणीच्या फाटकातून आत शिरतो, कालव्याच्या कडेला प्रेत सापडतं आणि घोडागाडीतून फौजदारसाहेब उतरतात. साल १८१०, शहर मँचेस्टर. अशा सुरुवातीचे दोन-तीन खर्डे मी मित्रमंडळींचे वाचले आहेत. माझ्या पहिल्या खर्ड्याची सुरुवातही जवळपास अशीच होती. वातावरण झकास जमतं, पण तो भोंगा आपल्या गिरणगावातला आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांत तेव्हा घंटा वाजायची. आणि फौजदार तर तिथे नव्हताच. होता तो चोरपकड्या (इंग्रजीत ‘थीफ-टेकर’), म्हणजे बक्षिसासाठी चोर पकडून देणारा खासगी माणूस.

चोरपकड्याला पोलीस समजणं

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात, म्हणून इथे जरा थांबू या.

लंडनला गणवेशातले पोलीस आले १८२९ मध्ये. मँचेस्टरला नगरपालिका मिळाली १८३८ मध्ये आणि खरं पोलीस दल त्यानंतर वर्षभराने. १८०१ च्या शिरगणतीत सुमारे ७० हजार वस्ती भरलेलं हे शहर तोवर जुन्या जहागिरीच्या न्यायसभेवर चाललं होतं. ही सभा दरवर्षी शहरातल्या व्यापाऱ्यांमधून मानद कॉन्स्टेबल निवडायची. त्यांना चोरांमागे धावायला ना वेळ होता ना हौस. मग ते एक पगारी उपकॉन्स्टेबल ठेवत. १८०३ च्या सुमारापासून १८२१ पर्यंत या जागेवर जोसेफ नॅडिन होता. हा मूळचा सूत कातणारा कामगार, चोर पकडण्यात नाव काढून वर आलेला. लाच खाल्ल्याचे आणि खोटे पुरावे पेरल्याचे आरोप त्याच्यावर त्याच्या हयातीतच होत राहिले.

नॅडिनला निदान पगार तरी होता. साध्या चोरपकड्याला तोही नसे. त्याचं पोट भरायचं बक्षिसावर. १६९२ च्या कायद्याने वाटमाऱ्याला गुन्हेगार ठरवून देणाऱ्याला ४० पौंड मिळू लागले आणि पुढे ही यादी वाढत गेली. १६९९ च्या कायद्याने आणखी एक चीज दिली, तिला लोक ‘टायबर्न तिकीट’ म्हणत (टायबर्न ही लंडनची फाशीची जागा). घरफोड्यासारख्या गुन्हेगाराला शिक्षेपर्यंत नेणाऱ्याला हा दाखला मिळायचा. ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक हद्दीत, गुन्हा घडला, तिथल्या सगळ्या सक्तीच्या बिनपगारी कामांतून दाखलेवाल्याला कायमची सूट असे. हा दाखला एकदा विकताही यायचा. गावकीच्या कटकटीतून सुटायला मँचेस्टरचे धनिक व्यापारी त्यासाठी शेकडो पौंड मोजत.

आता कथेकडे या. बक्षीस मिळतं ते गुन्हा सिद्ध झाल्यावर, सत्य सापडल्यावर नाही. किरकोळ पाकीटमाराला पकडून हाती काही लागत नाही, म्हणून त्याला मोकळं सोडायचं, मोठा होऊ द्यायचं. त्याचं ‘वजन चाळीस पौंड’ भरलं की मग उचलायचं, असं तेव्हा उघड बोललं जाई. या पैशाला लोक रक्ताचा पैसा म्हणत. लंडनमध्ये स्टीफन मॅकडॅनियलची टोळी तर याच्याही पुढे गेली. पोरांना नादी लावून लूट करायला लावायचं आणि त्याच लुटीसाठी पकडून द्यायचं, हा तिचा धंदा. १७५४ मध्ये ब्लॅकहीथच्या जोसेफ कॉक्स नावाच्या हाय कॉन्स्टेबलने तो उघडकीला आणला. मला रहस्यकथेसाठी याहून भेदक बीज सुचत नाही. गुन्हा घडवणारा आणि उलगडणारा एकच माणूस, आणि दोन्ही कामं तो पैशासाठीच करतोय.

दुरुस्ती सोपी आहे. खर्ड्याच्या प्रत्येक प्रकरणावर समासात लिहा: याला आत्ता पैसे कोण देतंय? फिर्यादी, गिरणीमालक, सरकार की खुद्द चोर? जिथे उत्तर सापडत नाही, तिथे तुमचा नायक नकळत पोलीस झालेला असतो.

तसाच दुसरा मोह त्याला आपल्याकडच्या रामोशाच्या किंवा जागल्याच्या साच्यात बसवण्याचा. जागल्याला गावाने दिलेला हक्क होता आणि गावाची जबाबदारीही होती. चोरपकड्याच्या पाठीशी गाव नव्हतं. त्याला ‘गुप्तहेर’ही म्हणू नका, तो शब्द राजकारणाचा वास आणतो. ‘चोरपकड्या’ हा शब्द थोडा रांगडा वाटतो, पण त्याच्याकडे बघण्याची लोकांची नजरही रांगडीच होती.

प्रत्येक वेळी खूनच

गिरण्यांच्या शहरात खुनापेक्षा सूत आणि कापड जास्त बोलतं. त्या काळी विणलेलं कापड पांढरं करायला गवताच्या कुरणांवर आठवडेच्या आठवडे पसरून ठेवत. रात्री त्यावर डल्ला मारणं हा फाशीचा गुन्हा होता. बोल्टनजवळ १७८६ मध्ये जेम्स हॉलंडला अशाच कुरणातून ३० वार कापड चोरल्याबद्दल फासावर चढवलं. पुढचं वळण तर कादंबरीलाही लाजवेल. १८११ मध्ये ही फाशी रद्द झाली, आणि ती रद्द करा असा अर्ज खुद्द कापड धुणाऱ्या-छापणाऱ्या मालकांनीच केला होता. ज्युरी एवढ्याशा मालासाठी माणूस मारायला तयार होईनात, चोर सुटत होते, म्हणून मालकांनाच हलकी शिक्षा हवी होती!

पण साल सांभाळा. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने कापड पांढरं करणाऱ्या भुकटीचं पेटंट घेतलं आणि कुरणावरचे आठवडे दिवसांवर येऊ लागले. १७८६ च्या चोराला मिळणारी संधी १८१५ च्या चोराला तशीच मिळत नाही.

खोट्या नोटांकडेही बघा. १७९७ नंतर बँक ऑफ इंग्लंडने एक आणि दोन पौंडांच्या नोटा काढल्या आणि नकली नोटांचा सुळसुळाट झाला. खटले बँक स्वतःच्या वकिलांकरवी चालवायची. म्हणजे आपल्या चोरपकड्याला एक नवा, खोल खिशाचा गिऱ्हाईक मिळाला.

कोर्टातलं भाषण

शेवटच्या प्रकरणात तरुण वकील उठतो आणि ज्युरीपुढे काळजाला हात घालणारं भाषण करतो. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात हा हक्क आरोपीच्या वकिलाला १८३६ पर्यंत नव्हताच. त्याला फक्त साक्षीदारांची उलटतपासणी करता येई. आरोपीला शपथेवर साक्षही देता येत नसे.

भाषण कापा आणि त्याच्या जागी एकच प्रश्न ठेवा. वकील चोरपकड्याला विचारतो, “हा दोषी ठरला तर तुम्हाला किती मिळणार?” त्या काळचे वकील खरोखर हे विचारत. बारा ज्युरींच्या चेहऱ्यांकडे बघत चोरपकड्याने आकडा उच्चारायचा, एवढंच दृश्य.

मँचेस्टरचे मोठे खटले मँचेस्टरला चालत नसत हेही ध्यानात ठेवा. ते चालत सुमारे ८० किलोमीटरवरच्या लँकेस्टरला, वर्षातून दोनदा. पुष्कळसा खर्च फिर्यादीच्या अंगावर पडे. मधल्या महिन्यांत साक्षीदार फितवता येतात, गायब होतात, कुणी माफीचा साक्षीदार बनतो. “दुसऱ्या दिवशी खटला उभा राहिला” असं एक वाक्य लिहून आपण हा सगळा मालमसाला फेकून देतो.

किरकोळ, पण वाचकाला खटकणाऱ्या गोष्टी

घासून पेटणारी काडी १८२७ ची. त्याआधी चकमक आणि गारगोटी, म्हणजे अंधारात ‘पटकन’ काही दिसत नाही. बोटांचे ठसे स्कॉटलंड यार्डात आले १९०१ मध्ये. आर्सेनिक हे विष शोधायची मार्शची चाचणी १८३६ ची. लिव्हरपूलहून रेल्वे १८३० मध्ये आली. आणि मिनिटामिनिटांचा हिशोब मांडणारी साक्ष नको. कामगारांची वेळ म्हणजे गिरणीची घंटा, आणि मँचेस्टरचं घड्याळ लंडनच्या मागे जवळजवळ नऊ मिनिटं चालायचं.

गिरणगाव जसंच्या तसं उचलणं

मराठी लेखकाला हा मोह होणं साहजिक आहे. जॉबर, बदली, साळखातं हे शब्द तोंडात बसलेले असतात. पण ते मुंबईचे आणि नंतरचे. शिवाय १८१० ची मँचेस्टरची गिरणी प्रामुख्याने सूत कातणारी होती. विणकर आपापल्या घरी हातमागावर बसलेला असे. एकाच छपराखाली कातणं आणि विणणं दाखवलंत तर सुताची चोरी होण्याची उत्तम जागा, म्हणजे गिरणी ते विणकराचं घर ही वाट, कथेतून नाहीशी होते.

लँकेशरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या परगण्यातल्या, माणसांना वऱ्हाडी किंवा मालवणी देऊ नका, ते लगेच नागपूर-सावंतवाडीला जाऊन पोचतात. साधी, आखूड वाक्यं द्या आणि धंद्याचे शब्द द्या: चाती, पेळू, धोटा. नॅडिनपुढे उभा राहिलेला कामगार “साहेब” म्हणणार नाही, “मिस्टर नॅडिन” म्हणेल आणि नजर खाली घालेल.

नायकाला शेवटी धुऊन काढणं

शंभर पानं रक्ताचा पैसा खाल्लेला माणूस एका अनाथ पोरीच्या डोळ्यांतलं पाणी बघून सुधारतो, हे मला कधी पटलेलं नाही. त्याचा हिशोब पैशातूनच होऊ द्या. लंडनमध्ये स्वतःला चोरपकड्यांचा सेनापती म्हणवणाऱ्या जोनाथन वाइल्डला १७२५ मध्ये फाशी झाली, ती लेसच्या चोरीत चोर पकडून न देता दहा गिनी (सोन्याची नाणी) घेतल्याबद्दल. असे पैसे घेणं गुन्हा ठरवणारा १७१८ चा कायदा खास त्याच्याकडे बघूनच केलेला होता.

मँचेस्टरच्या कथेला असा शेवट १८१८ देतं. त्या वर्षी ४० पौंडांची बक्षिसं बंद झाली आणि नवी टायबर्न तिकिटंही. पुढच्याच वर्षी, १६ ऑगस्टला, सेंट पीटर्स फील्डवर हजारो माणसं जमली. संसदेत सुधारणा मागणारा तिथला मुख्य वक्ता हेन्री हंट याला पकडायचं वॉरंट नॅडिनकडे आलं, आणि लष्कराच्या मदतीशिवाय ते बजावता येणार नाही असं त्याने मॅजिस्ट्रेटना सांगितलं. तुमचा चोरपकड्या त्या गर्दीच्या कडेला उभा करा. त्याचं बक्षीस वर्षापूर्वी बंद झालेलं आहे, आणि गर्दीतल्या निम्म्या चेहऱ्यांची किंमत त्याला अजून तोंडपाठ आहे.