गिटारचं पिकअप बदलताय? या चुका टाळा

ऑर्केस्ट्रात किंवा भीमगीतांच्या कार्यक्रमात गिटारमधून घूंऽऽ आवाज आला की सगळा दोष पिकअपवर, म्हणजे तारांचं कंपन पकडून अँपला पाठवणाऱ्या भागावर जातो. नवं पिकअप येतं, बसतं आणि घरघर तशीच राहते. तालुक्याच्या ठिकाणी गिटारचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत. नागपूरहून किंवा ऑनलाइन मागवलेला माल चुकला तर परत पाठवण्यात सीझन निघून जातो. म्हणून ऑर्डर देण्याआधी थोडी तपासणी करा.

घरघर नेमकी कुठली, हे न पाहणं

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तरीही चालूच असेल तर तो अँपचा, लीडचा (गिटार अँपला जोडणाऱ्या वायरचा) किंवा अर्थिंगचा आहे. पिकअप बदलून पैसे वाया जातील. शून्यावर बंद झाला, तर व्हॉल्यूम वाढवा आणि गिटार गळ्यात घालून जागेवरच हळूहळू वळा. तोंड फिरवलं की आवाज कमी-जास्त होतो? मग सिंगल कॉइल (तारेच्या एकाच वेटोळ्याचं पिकअप) जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय, आणि इथे हंबकर (दोन कॉइलचं, घरघर कापणारं पिकअप) खरंच कामाचा. वळण्याने फरक पडत नाही, पण तारांना हात लावताच आवाज कमी होतो? मग पिकअप बसतं त्या खाचेला आतून कॉपर फॉइल लावून ती अर्थला जोडा. ते हंबकरपेक्षा स्वस्तात पडतं. हात लावूनही काहीच बदल नसेल तर ब्रिजखालची (तारा टेकतात त्या पट्टीखालची) अर्थची वायर सुटली आहे का पाहा.

तारांना किंवा माइकला हात लावून झिणझिण्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा. मंडपात थ्री-पिनची जाड पिन उपटून प्लग टू-पिनात खुपसतात, जनरेटरला अर्थचा रॉड ठोकलेला नसतो. हा जिवाशी खेळ आहे, आणि त्यावर कुठलंच पिकअप उपाय नाही.

किलोओहमवर भुलणं

पिकअपच्या कॉइलचा रेझिस्टन्स किलोओहममध्ये सांगतात. ‘१४ किलोओहम, म्हणजे दणदणीत’ हा हिशोब अर्धवट आहे. कॉइलची तार बारीक असली तर तेवढ्याच वेढ्यांत रेझिस्टन्स जास्त भरतो. आवाजाचा जोर वेढे आणि मॅग्नेट मिळून ठरवतात. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ८ किलोओहम असलेलं पिकअप मे महिन्यात चंद्रपूरच्या ४५ अंशांत जवळपास ८.८ दाखवेल. म्हणून वेगळा आकडा आला की लगेच माल नकली ठरवू नका.

जुनं पिकअप मेलंय का, हे गिटार न उघडता कळतं. लीड गिटारला लावा, दुसऱ्या टोकाच्या टिपवर आणि दांडीवर मल्टिमीटर धरा, व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, सिलेक्टर (पिकअप निवडायचा स्विच) एकाच पिकअपवर ठेवा. सिंगल कॉइलला साधारण ५ ते ७, जुन्या धाटणीच्या हंबकरला ७ ते ९ किलोओहम ठीक. थेट २५० किंवा ५०० किलोओहम दिसले तर तो आकडा पॉटचा (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागाचा) आहे. म्हणजे कॉइल तुटली किंवा नुसती वायर सुटली. आधी वायर बघा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

मापं न घेणं

ब्रिज पिकअपच्या जागेवर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर मोजा. ५० मिमीच्या आसपास असेल तर साधा हंबकर चालतो. ५२-५३ असेल तर रुंद स्पेसिंगचा मागवा. अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारं) पिकअप घेणार असाल तर ९ व्होल्टची बॅटरी मावेल का ते पाहा. त्याला सहसा २५ किलोओहमचे पॉट लागतात, जुने चालत नाहीत. पॅसिव्हमध्ये (बिनबॅटरीच्या पिकअपमध्ये) सिंगल कॉइलला २५०, हंबकरला ५०० ही रीत. २५०वर हंबकर लावला की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो, आणि लोक नव्या पिकअपला शिव्या घालतात.

रंगावरून वायर जोडणं

चार वायरींच्या हंबकरमध्ये रंग कंपनीप्रमाणे बदलतात. सेमूर डंकनमध्ये काळी वायर हॉट (सिग्नलची), लाल-पांढरी एकमेकींना जोडायच्या. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी जोडायच्या. हिरवी आणि उघडी वायर दोन्हींत अर्थला. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला तर दोन कॉइल एकमेकींच्या विरोधात जातात. आवाज चिरका आणि बारीक होतो, घरघरही कटत नाही. मीटर मात्र तोच आकडा दाखवतो, म्हणून ही चूक मीटरवर सापडत नाही.

दोन्ही पिकअप एकेकटे चांगले वाजतात, पण सिलेक्टरच्या मधल्या पोझिशनला (दोन्ही एकत्र चालू असताना) आवाज बारीक होतो? मग एकाची हॉट आणि हिरवी अदलाबदल करा. उघडी वायर अर्थलाच राहू द्या.

संध्याकाळी सोल्डर करणं

शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. १८० व्होल्टवर ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न जेमतेम २५ वॉटचं उरतं. पॉटची पाठ तापत नाही, सोल्डरचा गोळा वरवर चिकटतो आणि दोन कार्यक्रमांत सुटतो. व्होल्टेज भरपूर असेल तेव्हा बसा, पंखा बंद करा. पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासा, थोडी पेस्ट लावा आणि ६०/४० सोल्डर वापरा. तीन-चार सेकंदांत वितळून पसरलं नाही तर आयर्न उचला, नाहीतर आतला कार्बन ट्रॅक जळेल. जुन्या जोडणीचा फोटो आधीच काढा.

उंची तशीच सोडणं

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतचं अंतर मोजा: जाड तारेकडे २.५ मिमी, बारीककडे २ मिमीपासून सुरुवात करा. सिंगल कॉइलच्या मॅग्नेटच्या खांबांनी जाड तार ओढली की एकाच स्वरात दोन सूर लहरतात आणि वरच्या फ्रेटवर ट्यूनिंग जुळत नाही. पेचकसने पिकअप अर्धा-अर्धा फेरा खाली न्या, लहर थांबेपर्यंत.