"बाई, अधिक की वजा?" : शाब्दिक उदाहरणे शिकवताना या चुका टाळा

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, रताळ्याच्या पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत मी दुसरी-तिसरीला शिकवते. फळ्यावर उदाहरण लिहून खडू ठेवते न ठेवते तोच मागून आवाज येतो, "बाई, अधिक की वजा?" उदाहरण कुणी वाचलेलंच नसतं. ही सवय मुलांना आपणच लावतो.

खुणेचे शब्द पाठ करून घेऊ नका. 'एकूण' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी, 'जास्त' म्हणजे बेरीज. मीसुद्धा असा तक्ता भिंतीला लावला होता. आठ दिवस उत्तरं बरोबर आली. मग हे उदाहरण घातलं: 'राजूकडे 15 रताळी आहेत. सुमनपेक्षा त्याच्याकडे 6 जास्त आहेत. सुमनकडे किती?' जवळजवळ सगळ्या पाट्यांवर 21! ढिगाकडे नुसतं बघून कुठला मोठा ते सांगणारी ही शेतकऱ्यांची पोरं. पण जास्त रताळी राजूकडे असताना सुमनची 21 कशी, हे एकालाही खटकलं नाही. त्याच संध्याकाळी तक्ता काढला.

आता मी आधी आकड्यांशिवाय गोष्ट सांगते. 'राजूकडे सुमनपेक्षा जास्त रताळी आहेत. कुणाचा ढीग मोठा?' हे ठरलं की चिंचोके काढायचे. राजूची 15 ची ओळ, तिच्याखाली सुमनची 6 ने आखूड. मूल स्वतः मोजून 9 म्हणतं. चिन्ह सगळ्यात शेवटी. तासाला दोनच उदाहरणं होतात आणि वही रिकामी दिसते म्हणून पालक कुरकुरतात. कुरकुरू देत. न वाचता सोडवलेल्या वीस उदाहरणांतून मूल काही शिकत नाही.

दुसरी चूक माझ्या फार उशिरा ध्यानात आली. 'सत्तावीस काजूबियांतल्या नऊ दिल्या' हे तोंडी सांगितलं, तर एका मुलीचं उत्तर 63. चार दिवस मी तिच्याकडून दशक सुट्टा करायचा सराव करून घेतला. पण तिची वजाबाकी चोख होती, तिने 72 मधून 9 काढले होते. घरी ती कन्नड बोलते. कन्नडमध्ये 27 म्हणजे इप्पत्तेळु: आधी वीस, मग सात, लिहितो तसंच. मराठीत सात आधी ऐकू येतो. एकोणतीस तर आणखी अवघड, त्यात नऊ ऐकूच येत नाही. कन्नडच्या 'इप्पत्तोंबत्तु'मध्ये (वीस नऊ) तो ऐकू येतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला. मी 'सत्तावीस' आणि 'वीस सात' ही दोन्ही रूपं म्हणवून घेते, कन्नडही, आणि शेजारी काड्यांचे दोन गठ्ठे नि सात सुट्या काड्या ठेवते. गणिताच्या तासाला "कन्नड नको" असं कृपा करून म्हणू नका.

बेरजेच्या धड्याखाली नुसती बेरजेचीच उदाहरणं घालू नका, तिथे वाचायची गरजच उरत नाही. बोटं मोजणाऱ्या मुलाला रागावू नका. हातच्याचे आकडे पहिल्या महिन्यात टाळा.

आणि उत्तर आलं की लगेच 'शाब्बास' म्हणू नका. मी विचारते, "नऊ काय?" मग मुलाने उत्तर घालून गोष्ट पहिल्यापासून सांगायची: सुमनकडे 9 रताळी, राजूकडे तिच्यापेक्षा 6 जास्त, म्हणून 15. 21 लिहिणारं मूल इथे आपोआप अडखळतं आणि स्वतःच पाटी पुसतं.