सी भाषेत इंटिजरचा टाइप कसा निवडावा

सेन्सरची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर नीट चालतो आणि अर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चढवला की उणे आकडे दाखवतो. अशा वेळी वायरी उपसण्याआधी टाइप तपासा, म्हणजे इंटिजर (पूर्णांक) किती बिटांत साठवला जातो ते. उनोवर इंट (इंटिजरचा नेहमीचा टाइप) १६ बिटांचा असतो, म्हणजे -३२,७६८ ते ३२,७६७. लॅपटॉपवर तोच ३२ बिटांचा. सीचं स्टँडर्ड इंटला किमान १६ बिटांची हमी देतं, त्यापुढे काही नाही. लाँग या मोठ्या टाइपची हमी ३२ची. पण ६४-बिट लिनक्सवर तो ६४ बिटांचा भरतो आणि ६४-बिट विंडोजवर ३२चाच राहतो.

१. आधी कागदावर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत लिहा, मधल्या हिशेबाचीसुद्धा. बहुतेक चुका इथेच होतात. उनोच्या अ‍ॅनालॉग पिनचं रीडिंग ० ते १०२३, ते १६ बिटांत सहज मावतं. पण बेरीज? ३२ रीडिंगची जास्तीत जास्त ३२,७३६ होते. तेहतिसावं पडलं की ३३,७५९, आणि इंट ओव्हरफ्लो, म्हणजे किंमत टाइपात मावत नाही. साइन्ड (उणे किंमतही ठेवणाऱ्या) टाइपच्या ओव्हरफ्लोचं काय व्हावं हे स्टँडर्डने ठरवलेलंच नाही. बहुधा उणे आकडा दिसतो. पण कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) ‘असं घडणारच नाही’ असं धरून तुमची तपासणीची ओळही उडवू शकतो.

२. एसटीडीइंट हेडर (stdint.h) घ्या (सीच्या सी९९ या आवृत्तीपासून आहे) आणि बिट नावातच असलेले टाइप वापरा: रीडिंगला इंट१६_टी, बेरजेला इंट३२_टी. अ‍ॅरेची लांबी आणि मेमरीची मापं साइझ_टीमध्ये ठेवा.

३. गुणाकार कोणत्या टाइपात होतो ते पाहा. उत्तर लाँगमध्ये ठेवलं तरी उनोवर ६० * १००० हा गुणाकार इंटमध्येच होतो आणि ६०,०००च्या जागी सहसा -५,५३६ येतं. ६०ला शेवटी यूएल हा प्रत्यय लावा (60UL), म्हणजे गुणाकारच ३२ बिटांत होईल.

४. ‘किंमत उणे होत नाही’ एवढ्यावरून अनसाइन्ड (फक्त शून्य आणि धन किंमती ठेवणारा) टाइप घेऊ नका. उलटं मोजणाऱ्या लूपमध्ये ‘आय शून्याहून मोठा किंवा समान’ ही अट अनसाइन्डला कायम खरी ठरते आणि लूप थांबतच नाही. बिटांची कामं आणि फिरून शून्यावर येणारे काउंटर ही अनसाइन्डची खरी जागा. अर्डुइनोत सुरुवातीपासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या मिलिस या फंक्शनचा ३२ बिटी काउंटर सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. ‘आत्ता वजा सुरुवात’ अशी वजाबाकी करून मध्यांतराशी ताडून पाहिली तर तेव्हाही उत्तर बरोबर येतं. ‘सुरुवात अधिक मध्यांतर’ आधी काढून आत्ताशी तुलना केली, तर चुकतं.

५. बाइट वाचवायचे ते अ‍ॅरेत. उनोची रॅम २,०४८ बाइट. ६०० रीडिंग १६ बिटांत ठेवली तर १,२०० बाइट लागतात. ३२ बिटांत २,४००, म्हणजे मावतच नाहीत. एकट्या-दुकट्या व्हेरिएबलसाठी मात्र ८ बिटांची काटकसर करू नका. २०० आणि १००ची बेरीज परत यूइंट८_टीत ठेवली तर मुकाट्याने ४४ उरतात. जीसीसी या कंपायलरची डब्ल्यू-कन्व्हर्जन (-Wconversion) ही वॉर्निंग चालू असेल, आणि जीसीसी १०पासून सोबत डब्ल्यू-अ‍ॅरिथ-कन्व्हर्जनही (-Warith-conversion), तर अशी ओळ दिसून येते.