गोल्फ कार्टची बॅटरी लवकर बसते? सेट बदलण्याआधी मीटर लावा

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन ट्रेड करून रिसॉर्ट, हॉस्पिटल किंवा मोठ्या कॅम्पसच्या मेंटेनन्सला लागलेल्या मुलामुलींच्या अंगावर हल्ली गोल्फ कार्ट येतातच. तक्रारही ठरलेली: "रात्रभर चार्जिंगला होती, दुपारी चढावर बसली." त्यावर सगळ्यांकडे उत्तर तयार असतं, सेट बदला, म्हणजे गाडीतल्या सगळ्याच बॅटऱ्या. कर्जतकडच्या रिसॉर्टमध्ये बरीच वर्षं हे काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की पूर्ण सेट खरोखर संपलेला क्वचितच असतो. एखादीच बॅटरी, कधी तिच्यातला एकच सेल, बाकीच्यांना घेऊन बसतो. तो हुडकणं हे आपलं काम.

४८ व्होल्टच्या गाडीत ८ व्होल्टच्या सहा किंवा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या, असतात. ३६ व्होल्टला ६ व्होल्टच्या सहा. सिरीज म्हणजे सगळ्यांतून करंट तोच. जोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही तगडा असो, गाडी जागची हलत नाही.

सीट उचलण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे घाला. चार्जिंग होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. त्यामुळे चार्जिंगची जागा हवेशीरच हवी, आणि तिथे कुणी विडी पेटवत असेल तर पाहुणा असला तरी थांबवायचं.

आता मीटर. चार्जिंग संपल्यावर गाडी काही तास नुसती उभी राहू द्या, मग एकेक बॅटरी मोजा. ८ व्होल्टची बॅटरी साधारण ८.४ ते ८.५ दाखवते, १२ ची १२.६ ते १२.७. पण या आकड्यावर विसंबू नका. निम्मी क्षमता गमावलेली बॅटरीसुद्धा उभ्या गाडीत झकास व्होल्टेज दाखवते. खरी परीक्षा लोडवर. एकाने गाडी चढावर चालवायची, दुसऱ्याने शेजारी बसून मीटर बघायचा, पण वायरी आधीच पक्क्या क्लिप करून. आमच्याकडच्या एका सहा सीटर गाडीत उभ्यानं सहाही बॅटऱ्या ८.४ च्या पुढे होत्या. स्विमिंग पूलवरून कॉटेजकडे जाणाऱ्या चढावर पाच जणी साडेसातच्या वर टिकल्या आणि ड्रायव्हरच्या सीटखालची चौथी सरळ सहाच्या खाली आली. तिची बुचं काढली तर मधल्या एका सेलमध्ये पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, आणि उघड्या पडलेल्या कडांवर पांढुरका थर. सल्फेट, म्हणजे अर्धवट चार्ज राहिलेल्या किंवा उघड्या पडलेल्या प्लेटांवर साचणारा थर. तोपर्यंत नव्या सेटचं कोटेशन मागवून झालं होतं.

सेलची खबर हायड्रोमीटर देतो. तो सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ते किती जड आहे, दाखवतो. पूर्ण चार्ज सेलची ग्रॅव्हिटी १.२६५ ते १.२८० च्या आसपास असते. वर्कशॉपमध्ये "बाराशे पासष्ट" म्हणतात ते हेच. नुसता आकडा नको, सेलासेलातला फरक बघा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तोच संशयित. आपल्याकडे रीडिंग २७ अंशांना धरतात आणि त्यावरच्या दर अंशाला ०.०००७ मिळवतात. मे महिन्यात ॲसिड ४० अंशांवर असताना दिसलेली १.२५६ म्हणजे प्रत्यक्षात १.२६५, म्हणजे सेल ठणठणीत. संशयित सेल सापडला की, चार्जरमध्ये सोय असेल तर, इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल एका पातळीवर आणण्यासाठी मुद्दाम दिलेला जादा चार्ज) द्या आणि दर तासाला ग्रॅव्हिटी बघा. ती वर सरकायची थांबली की बंद. हे फक्त पाणी टाकायच्या बॅटरीला. जेल किंवा एजीएम या सीलबंद बॅटऱ्यांना चुकूनही नाही.

पाण्याबाबत आग्रहानं सांगतो. पाणी चार्जिंग झाल्यावर टाकायचं. प्लेटा उघड्या असतील तर चार्जिंगआधी त्या जेमतेम बुडतील एवढंच. आधीच गळ्यापर्यंत भरलं तर चार्जिंगमध्ये उकळी येऊन ॲसिड बाहेर सांडतं आणि ग्रॅव्हिटी कायमची पडते. पाणी डिस्टिल्डच. बोअरचं नको, आरओचंही नको. आणि कमी झालं म्हणून ॲसिड टाकायचं नसतं.

बॅटऱ्या निरोगी निघाल्या तर चार्जरकडे वळा. रात्री लाइट जाऊन आली की काही चार्जर आपोआप सुरू होत नाहीत. प्लग काढून पुन्हा लावावा लागतो. सकाळी ड्रायव्हर प्लग काढतो, गाडी अर्धवट भरलेली, आणि दोष बॅटरीवर. असं रोज झालं की सल्फेट साचून बॅटरी खरंच खराब होते. गाडी दोन दिवस उभी राहून बसत असेल तर पाणी वेगळंच मुरतंय. गाडीचा ठावठिकाणा सांगणारा ट्रॅकर किंवा दिव्यांसाठी व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर उभ्या गाडीतही करंट खात असतो. रन-टो स्विच (चालवणे की ओढून नेणे, हे ठरवणारा) टोवर ठेवून बघा.

लग (केबलच्या टोकाचा, टर्मिनलवर बसणारा धातूचा तुकडा) आणि केबलही सोडू नका. फेरी मारून आल्यावर एखादा लग बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो सैल आहे किंवा गंजलाय. बुचं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्यानं टर्मिनल धुवा, वाळवा, आवळा, व्हॅसलीन लावा. ब्रेक धरून राहतोय का, टायरात हवा आहे का, हे तर मीटरशिवायही कळतं. गाडी सपाटीवर हातानं ढकलून बघा.

प्रत्येक बॅटरीवर मार्करनं नंबर टाका आणि वहीत दर महिन्याला लोडवरचं व्होल्टेज, ग्रॅव्हिटी आणि किती पाणी लागलं ते लिहा. मॅनेजरसमोर ही वही ठेवली की वाद होत नाही. सेट वर्ष-दीड वर्षाचा असेल तर बिघडलेली एकच बॅटरी बदला, त्याच मेकची, तेवढ्याच अँपिअर-तासांची. सेट चार-पाच वर्षांचा असेल तर नवी कोरी त्यात घालू नका, जुन्यांच्या संगतीत तीही लवकर जाते. मोडीत निघालेल्या दुसऱ्या सेटमधली, लोडवर टिकणारी, त्याच वयाची बॅटरी घाला आणि नव्या सेटची मागणी पुढच्या बजेटमध्ये लावा.