दलदलीत हरणाचा माग काढायचाय? आधी धुरा शोधा

आमची शेती भंडारा जिल्ह्यात, धानाची. धान निसवलं की रानडुकरं यायची. बाबा सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरायचे नाहीत. आधी धुऱ्याधुऱ्यानं (धुरा म्हणजे शेताच्या कडेचा बांध) एक पूर्ण चक्कर मारायचे. जनावर चिखलात कुठेही लोळतं, पण येतं-जातं ते धुऱ्यावरून, असं त्यांचं म्हणणं. चौदा वर्षांपूर्वी मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात आले. शेजारच्या आजोबांनी (आयुष्यभर गाई राखल्या, आता गुडघे गेलेत) मला हरणाची शिकार शिकवली, तेव्हा कळलं की निम्मं शिक्षण बाबांकडेच झालं होतं.

एक गोष्ट आधीच सांगते. भारतात 1972 च्या कायद्यापासून हरणाची शिकार गुन्हा आहे, त्यामुळे गावाकडच्यांनी यातलं माग वाचणं तेवढं घ्यावं. इथे परवाना मिळतो. 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो घेण्याआधी सहसा शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला इथला सण) आधीच्या शनिवारी सुरू होतो. माझ्याकडे क्रॉसबो (घोडा दाबून बाण सोडायचं धनुष्य) आहे, त्यामुळे माझी घाई सप्टेंबरची.

मी जाते ती सार्वजनिक जमीन राज्याच्या मध्यभागी, क्रॅनबेरीच्या पट्ट्यात आहे. हिमयुगाच्या शेवटी तिथे प्रचंड सरोवर होतं. ते रिकामं झालं आणि मागे वाळू अन् दलदल राहिली. सगळं परातीसारखं सपाट. नकाशावरच्या उंचीच्या रेषा दहा-दहा फुटांच्या आणि तुम्हाला हवं ते दलदलीतलं कोरडं बेट दोन फुटांचं, म्हणजे रेषांत ते दिसणारच नाही. ते झाडांत दिसतं. ऑक्टोबरमधलं उपग्रहाचं चित्र उघडा. पिवळेजर्द दिसतात ते टॅमरॅक, सुईसारख्या पानांची झाडं. ते पाण्यात पाय बुडवून उभे राहतात. भुरकट पसरलंय ते पाणकणीस. आणि या सगळ्याच्या मध्ये तांबूस-तपकिरी ठिपका दिसला की तो ओक. ओक पाण्यात उभा राहत नाही, म्हणजे खाली कोरडी जमीन आहे. वर ओकची फळंही पडतात, म्हणजे हरणाला झोपायला आणि खायला एकाच ठिकाणी. असे ठिपके फोनवर खुणा करून घ्या. दहातले सहा फुसके निघतात, तरी निघायचं.

खरी पाहणी बर्फ वितळल्यावर, मार्चअखेर ते एप्रिल. गवत बर्फानं दाबलेलं असतं आणि गेल्या हंगामातल्या हरणांच्या वाटा त्यात भांग पाडल्यासारख्या उमटतात. मे उजाडला की सगळं हिरवं होऊन झाकून जातं. शिवाय एप्रिलमध्ये तुम्ही हरणांना कितीही हुसकावलंत तरी सप्टेंबरपर्यंत ती विसरतात. मात्र एप्रिलच्या मध्यापासून रानटर्कीची शिकार चालू होते. तेव्हा लाल, पांढरं, निळं अंगावर नको. टर्कीच्या डोक्याचे तेच रंग.

आता वाचायचं काय ते.

बेटाच्या कडेकडेनं चाला. मध्ये घुसू नका. पाणकणीस संपून आल्डरची झुडपं सुरू होतात, ती शिवण हरणांचा हमरस्ता. बीव्हरनं (पाण्यात राहणारा, बांध घालणारा मोठा कुरतडणारा प्राणी) बांध घातला असेल तर सगळं सोडून आधी तिकडे. बीव्हरचा बांध म्हणजे आपला धुराच: दोन्हीकडे पाणी, मध्ये काटक्या-चिखलाची अरुंद वाट. आजोबांनी मला असा पहिला बांध दाखवला तेव्हा मी गुडघ्यांवर बसून ठसेच बघत राहिले. दोन बोटांच्या जागी दोन टोकदार खूर, आणि पाठीमागे दोन ठिपके. मी म्हटलं, मोठा नर! आजोबा हसले. खुरांमागची ती छोटी नखं मऊ चिखलात मादीचीही उमटतात, पाय खोल गेला की झालं. त्यावरून नर ठरवायचा नाही. तीन इंचांहून लांब आणि रुंद ठसा असेल तर मोठ्या जनावराचा संशय धरा. त्यातलं पाणी गढूळ असेल तर ते आत्ताच गेलंय. कडा ढासळून पाणी निवळलं असेल तर जुना.

कोवळ्या फांद्यांची टोकं बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते फांदी कापत नाही, ओढून तोडतं. टोक फाटकं, झिपऱ्या निघालेलं. सुरीनं तिरकं छाटल्यासारखं टोक असेल तर तो ससा. मी पहिलं वर्षभर सशांच्या मागे होते, हे घरात कुणाला माहीत नाही.

झाडाच्या बुंध्यावर साल सोललेली दिसेल. नर ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमल उतरवतात, मग हिवाळ्यापर्यंत शिंगं घासत राहतात. सोललेली बाजू सहसा तो जिकडून आला तिकडे तोंड करून असते. ओळीनं चार-पाच झाडं मिळाली तर त्याची रोजची वाट सापडली. मांडीएवढा बुंधा सोलणारा बहुधा मोठाच. बेटावर गवत अंडाकृती दबलेलं दिसलं तर तिथे हरीण बसतं; लहान-मोठ्या तीन-चार बैठका जवळजवळ म्हणजे मादी आणि पिल्लं, एकटी मोठी बैठक म्हणजे बहुतेक नर. मी त्या बैठकीत स्वतः उकिडवी बसून बघते. त्याला काय दिसतं, वारा कुठून लागतो, हे तिथे बसल्यावरच समजतं.

वाऱ्यासाठी इथले लोक मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस खिशात ठेवतात. आपल्या रुईच्या कुळातलं झाड, तीच म्हातारी. एक सोडायची आणि कुठे जाते बघायचं. तुमचा वास तिच्याच वाटेनं जाणार.

चालायचं कसं? गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि उंच काठी. पाऊल टाकण्याआधी काठी, नेहमी. शेवाळाची जमीन पायाखाली गादीसारखी हलायला लागली की खाली पाणी आहे. मागे फिरा, किंवा झुडपांच्या मुळांवर पाय देत जा. मी एकदा फोनमध्ये बघत चालले आणि मांडीपर्यंत गेले. पाय निघाला, बूट तिथेच राहिला. दीड मैल मोज्यावर आले. पांढऱ्या फळांचे घोस लोंबणारं झुडूप हाताला लागू देऊ नका, विषारी सुमॅक असतो तो. आणि गोचीड! इथली हरणावरची गोचीड तिळाएवढी असते आणि लाइमचा आजार देते. कपड्यांवर आधीच परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा, विजार मोज्यात खोचा, घरी आल्यावर काखा आणि गुडघ्यामागची लवण तपासा.

मचाणासाठी झाड एप्रिलमध्येच ठरवा. बैठकीपासून धुऱ्याकडे येणाऱ्या वाटेवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. सरकारी जमिनीवर फांद्या छाटायच्या नाहीत, म्हणून मोकळी जागा मुळातच असलेलं झाड शोधा. पहिल्या वर्षी मी सप्टेंबरात उत्साहानं सहा वेळा आत गेले. नंतर तिथे झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यात हरणं फक्त रात्री दोनला. आता ऑगस्टमध्ये एकदाच जाते, दुपारी, पाऊस येणार असेल त्या दिवशी. बांधाच्या या टोकाला उभी राहून ठसे बघते, कॅमेऱ्याचं कार्ड बदलते आणि आल्या वाटेनं परत. त्यानंतर पहिली थंडी पडून वारा वायव्येचा होईपर्यंत त्या धुऱ्यावर माझा पाय पडत नाही.