प्रागमध्ये पायी वीकेंड: आमच्या फजित्या वाचा आणि या चुका टाळा

आम्ही जर्मनीत ड्रेस्डेनला राहतो, चेक देशाची राजधानी प्राग ट्रेनने अडीच तासांवर, त्यामुळे भारतातून कुणी आलं की एक शनिवार-रविवार प्राग ठरलेलंच. चार-पाच वेळा झालंय आणि दरवेळी काहीतरी नवा घोळ घातलाय, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

सगळ्यात मोठी चूक वारांची. पहिल्या खेपेला शनिवारी सकाळी उत्साहाने ज्यू वस्तीत, म्हणजे योसेफोवमध्ये गेलो, तर सगळं बंद. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे धार्मिक सुट्टीचा दिवस, त्या दिवशी तिथली सिनेगॉग, म्युझियम, जुनं कब्रस्तान काही उघडत नाही, ज्यू सणांनाही नाही. मग रविवारी सकाळी किल्ल्यावर, तर तिथल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलमध्ये, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, प्रार्थना चालू, टुरिस्टना दुपारी 12 नंतर प्रवेश. दोन दिवसांचा प्लॅन बरोब्बर उलटा! त्यामुळे किल्ला शनिवारी आणि योसेफोव रविवारी, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. आणि ते कब्रस्तान चुकवू नका, जागा कमी पडली म्हणून थरावर थर पुरत गेले, सुमारे 12,000 शिळा एकमेकींवर रेलून उभ्या आहेत, आमची अखंड बडबडणारी काकू तिथे दहा मिनिटं गप्प होती.

दुसरी चूक, किल्ला खालून चढायचा. फोटोत जिना रोमँटिक दिसतो पण गुडघे काही फोटोत दिसत नाहीत. त्यापेक्षा 22 नंबरची ट्राम पकडून वर पोहोर्झेलेत्सला उतरा आणि उताराने चालत या. किल्ल्याच्या गेटवर सिक्युरिटी चेक असू शकतो, आवारात फिरायला तिकीट नाही, आतल्या इमारती नीट बघायच्या तर घ्यावं लागतं. कॅथेड्रलचं काम 1344 ला सुरू झालं आणि पूर्ण झालं 1929 ला, आपल्या सोसायटीच्या लिफ्टबद्दल मी त्यानंतर तक्रार केलेली नाही.

मग खाली नेरुदोवा गल्लीने उतरताना मोबाईल खिशात ठेवा आणि दारांच्या वर बघा. घरांना नंबर यायच्या आधी, म्हणजे 1770 च्या आधी, घर चिन्हावरून ओळखायचे, तीन व्हायोलिनचं घर, दोन सूर्यांचं घर, तांबड्या सिंहाचं घर, आणि ती चिन्हं अजून तिथेच आहेत. आपल्याकडे ‘पिंपळाशेजारचा वाडा’ म्हणायचे तसंच की. बहुतेक लोक मॅप बघत इथून भराभर उतरतात आणि चार्ल्स ब्रिज या जुन्या पुलावर जाऊन गर्दीत अडकतात.

आता बॅगा आणि बूट. जुन्या शहरात सगळीकडे दगडी फरसबंदी, छोटे छोटे चौकोनी दगड, त्यावर चाकांची बॅग दामटत नेली की खडखडाट असा की गल्लीतल्या खिडक्या उघडाव्यात, आमच्या एका बॅगेचं चाक तिथेच निखळलं. बॅग स्टेशनवर लॉकरमध्ये ठेवा नाहीतर सरळ पाठीवरची सॅक घ्या. नवे बूट तर अजिबात नको, आणि पाऊस पडला की हे दगड जाम निसरडे होतात.

पैशांची भानगड वेगळीच. चेक देशात युरो नाही, कोरुना चालतो. दुकानदार युरो घेतात पण रेट त्यांच्या मनाचा. जुन्या शहराच्या मुख्य चौकाजवळ ‘0% कमिशन’ असा बोर्ड बघून आमच्या मित्राने 100 युरो बदलले आणि हातात आलं ते मोजून तो खालीच बसला. कमिशन शून्य असतं हो, मार सगळा रेटमध्ये असतो. पण 2019 पासून तिथे कायदा आहे, 1000 युरोपर्यंतची रक्कम असेल तर तीन तासांच्या आत पावती घेऊन त्याच दुकानात परत जायचं आणि व्यवहार रद्द करायचा. तो गेला, पैसे मिळाले, त्यामुळे पावती फेकू नका. रस्त्यात कुणी ‘चेंज?’ विचारत आला तर मात्र मानही वळवू नका, भलत्याच देशाच्या नोटा हातात पडतात. आणि एटीएमने ‘तुमच्या करन्सीत कन्व्हर्ट करू का’ विचारलं की नाही म्हणा.

ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट घेतलं की काम संपत नाही, ते पिवळ्या मशीनमध्ये पंच करावं लागतं. मेट्रोला गेट नाहीत म्हणून लोक गाफील राहतात आणि साध्या कपड्यातला चेकर बिल्ला दाखवत समोर उभा राहतो.

खाण्याचं म्हणाल तर ट्रडेलनिकच्या, म्हणजे दांड्यावर गुंडाळून भाजलेल्या गोड पावाच्या, दुकानावर ‘जुनी परंपरा’ लिहिलेलं असतं, गोड आहे, गरम आहे, खा खुशाल, पण प्रागची परंपरा वगैरे काही नाही. शाकाहारी मंडळींनी स्माझेनी सिर मागावं, तळलेलं चीज, सोबत बटाटा. चौकातल्या स्टॉलवर हॅम घेणार असाल तर लिहिलेली किंमत बऱ्याचदा 100 ग्रॅमची असते, मोठा तुकडा कापला की बिल बघून घास घशात अडकतो.

चार्ल्स ब्रिज दुपारी बघू नका, एवढंच सांगतो. 516 मीटरचा पूल आणि सकाळी साडेसहाला त्यावर आम्ही धरून एकूण सात जण होतो, त्यातले दोन तर वेडिंग फोटोवाले.

आणि जुन्या शहराच्या चौकातलं ते प्रसिद्ध खगोलीय घड्याळ, 1410 चं. तासाला सगळा चौक माना वर करून उभा, सांगाडा घंटा ओढतो, खिडकीतून येशूचे बारा शिष्य फिरून जातात, कोंबडा आरवतो, संपलं. मिनिटभराचा खेळ. काका म्हणाले, ‘एवढंच?’ आणि गर्दी पांगली. चूक इथेच होते, खरं बघायचं ते गर्दी पांगल्यावर. बाहेरच्या काळ्या कड्यावरचे सोनेरी आकडे जुना चेक वेळ दाखवतात, त्यात दिवसाचे 24 तास सूर्यास्तापासून मोजायचे. मी हे सांगितलं तर काका म्हणाले, आपल्या घटिका सूर्योदयापासून, यांचं उलटं होय, आणि मान वर करून सोनेरी हाताच्या आकाराचा काटा कुठल्या आकड्यावर आहे ते शोधायला लागले. काकूला आईस्क्रीम हवं होतं, मला कॉफी. ते म्हणाले, तुम्ही या जाऊन, मी आहे इथेच.