बोलता येईल इतकाच वेग ठेवा

पोलीस भरतीची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर जीव तोडून धावतात. ते पाहून आपणही पहिल्याच दिवशी तसंच धावतो, आणि चौथ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. श्वास फुलून बोलणं तुटायला लागलं की बहुतेकांना व्यायाम नकोसा होतो. म्हणून पांदणीनं चालताना सोबत्याशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतकाच वेग ठेवा. पाच दिवस अर्धा-अर्धा तास चाललं की तब्येतीसाठी आठवड्याला सांगितलेली १५० मिनिटं भरतात. सुरुवातीला थोडं अंग मोकळं झाल्यावरच जोर लावा, शेवट सावकाश करा. मग घरी येताना बरं वाटतं आणि उद्या पुन्हा निघावंसं वाटतं. दिवसभर वावरात निंदण केलं असेल, त्या संध्याकाळी मात्र खुशाल आराम करा.